खाण तशी माती?

घरात बाळ जन्मले की आपल्याकडे पूर्वी दोन प्रश्न विचारीत. पहिला, ‘काय झाले?’ आणि दुसरा, ‘बाळबाळंतीण सुखरूप आहेत ना?’ पहिल्या प्रश्नामागे पुष्कळ काही दडलेले असे. तो विषय स्वतंत्र आहे. दुसरा प्रश्न मात्र माणुसकीचा होता, कारण त्यात बाळाच्या जोडीने बाळंतिणीचीही विचारपूस होई. बाळंतपणे इस्पितळात होऊ लागल्यापासून या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे : ‘वजन किती भरले?’ पेढे वाटणारासुद्धा पेढ्याबरोबर तो आकडा सांगतो. तीन किलो असले तर त्याचा आवाज चढतो. दोन किलो असले तर उतरतो, आणि जवळपासचे कुणीतरी लगेच म्हणते, ‘अहो, तिने नऊ महिने नीट खाल्लेच नाही!’

मी शाळेत मराठी शिकवते आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. वैद्यक तर माझ्यापासून फारच दूर. परंतु गुणपत्रिका नावाच्या कागदाशी माझा रोजचा संबंध आहे. त्या कागदावर गुण मुलाच्या नावापुढे लिहिलेले असतात. घरी अभ्यासाला दिवा होता की नाही, सकाळी पोटात काही गेले होते की नाही, बापाने पुस्तके आणून दिली की नाही, याचा रकाना त्यावर नसतो. बाळाच्या वजनाचे नेमके असेच झाले आहे. काट्यावर बाळ ठेवायचे आणि गुण आईच्या नावावर मांडायचे.

आपल्या भाषेने या निवाड्यासाठी एक म्हणही तयार ठेवली आहे : खाण तशी माती. म्हण खोटी नाही. पण ती अर्धीच गोष्ट सांगते. खाणीत काय होते ते ती सांगते. खाण कोणी उपसली, कोणी राखली आणि कोणी रिती केली, हे ती सांगत नाही. या दिवाळीच्या निवांतपणात त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीचा विचार करावा असे मनात आहे. विषय बाळंतिणीच्या खोलीतला आहे, म्हणून पुरुष वाचकांनी पान उलटू नये. उलट त्यांनीच तो जरा सावकाश वाचावा.

अडीच किलो ही जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली रेघ आहे. दिवस भरण्याआधी आलेले असो वा पूर्ण दिवसांचे असूनही पोटात न वाढलेले असो, त्या रेघेखालचे बाळ कमी वजनाचे समजतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे वजन नोंदले गेले अशा बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या रेघेखाली होती. त्याच पाहणीत देशातील निम्म्याहून थोड्या अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले की वजनाचा प्रश्न बाळाकडून आईकडे सरकतो. तेथेच तो थांबवायचा की आणखी मागे न्यायचा, एवढाच खरा मुद्दा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही कारणे कोणाच्याच हातची नसतात. जुळी असतात, वारेकडून बाळाला होणारा पुरवठा अपुरा पडतो, आईचा रक्तदाब एकाएकी वाढतो. सुखवस्तू, जपलेल्या घरातही लहान बाळ जन्मते, आणि तेथे दोषी शोधत बसणे हा अन्यायच. परंतु ही कारणे बाजूला ठेवली तरी जी उरतात ती मोजता येण्याजोगी आहेत : आईची उंची आणि वजन, तिचे वय, दोन बाळंतपणांतले अंतर, अंगातले रक्त, हिवताप, चुलीचा धूर, दाताला लावायची मिश्री. मुंबईत बाराशेहून अधिक स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मिश्री-तंबाखूच्या सवयीने बाळाचे वजन सरासरी शंभर ग्रॅमने घटते. आता ही यादी पुन्हा वाचा. यांतली किती कारणे एकट्या बाईने निवडलेली असतात? उंची तिला बालपणी मिळाली नाही, लग्नाचे वय तिने ठरवले नाही, अंतर राखणे एकटीच्या हाती नव्हते, आणि चूल तिला सासरी आयतीच मिळाली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम हाती घेतले. शेतकरी घरांतल्या स्त्रिया काय खातात, किती राबतात आणि त्यांची बाळे कशी जन्मतात, याची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्या खेड्यांतल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. ताटात अन्न एकूण किती पडले यापेक्षा त्यात हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा आले, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. आणि ज्या बायांच्या वाट्याला शेतातले व घरातले कष्ट अधिक, त्यांची बाळे अधिक हलकी. आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ही किरकोळ दिसणारी बाळे स्नायूंनी लहान होती, पण त्या मानाने अंगावरची चरबी त्यांनी टिकवून धरली होती. पुढे मधुमेहाकडे होणारा ओढा त्यांच्या अंगात जन्मापासूनच असतो, असे हे संशोधक मानतात.

मग उपाय सोपा वाटतो. गरोदर बाईला दूध, फळे, भाजी द्या, म्हणजे झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ साली सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगात नेमका असाच खाऊ बायकांना देण्यात आला, आणि तोही दिवस राहण्याच्या आधीपासून. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. परंतु दिवस राहण्याआधी निदान तीन महिने ज्यांना तो खाऊ मिळाला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. म्हणजे साधारण एका रव्याच्या लाडवाएवढे! आणि ज्या बाया मुळातच अगदी कृश होत्या, त्यांच्या बाळांना तेवढाही लाभ झाला नाही. ज्या अंगाने त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, त्यांनाच तो अधिक झाला.

हे वाचल्यावर मी बराच वेळ विचारात पडले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली दुसरी म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. वीस वर्षे आटत गेलेला आड नऊ महिन्यांत भरत नाही. उपाशी शरीर आलेला घास आधी स्वतःच्या जुन्या भुकेच्या खात्यावर जमा करून घेत असेल तर त्याला बोल कसा लावायचा? शरीरशास्त्र तर याहूनही मागे जाते. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच, पुढे तिच्या कामी येणारी स्त्रीबीजे तिच्या इवल्या देहात तयार होतात. म्हणजे आज जन्मलेल्या बाळाचा पहिला कण त्याच्या आजीच्या पोटात होता. काट्यावर एक बाळ ठेवलेले दिसते खरे. पण त्या पारड्यात आई असते, आजी असते, आणि त्या दोघींना ज्या घरांनी वाढवले ती घरेही असतात.

आता जरा दूर, हॉलंडमध्ये जाऊ. कारण दोषाचा प्रश्न तेथे जितका स्पष्ट दिसतो तितका आपल्या घरात दिसत नाही. १९४४ च्या सप्टेंबरात तिथल्या रेल्वे कामगारांनी संप केला, आणि देश व्यापून बसलेल्या जर्मन सत्तेने पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडवले. त्या हिवाळ्यात माणशी अन्न दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेले. काही आठवड्यांत तर पाचशेच्या आसपास. मे १९४५ मध्ये मुक्तता झाली. या भुकेत ज्यांचे शेवटचे महिने गेले, त्या मातांची बाळे नेहमीपेक्षा सुमारे तीनशे ग्रॅम हलकी जन्मली. ज्यांचे पहिले महिने भुकेत गेले आणि मग अन्न मिळाले, त्यांची बाळे वजनाने ठीक होती. पण ती मोठी झाल्यावर त्यांच्यांत हृदयविकार अधिक आढळला. काट्याने त्यांना उत्तीर्ण केले, तरी भुकेने आपली खूण ठेवलीच होती.

त्या हिवाळ्यातल्या हलक्या बाळाकडे पाहून ‘आईने नीट खाल्ले नाही’ असे कोणी म्हटले तर आपण त्याला निर्दय म्हणू. कारण नाकेबंदी सर्वांना दिसत होती. तिला सैन्य होते, तारीख होती. मग माझा प्रश्न असा : नाकेबंदी सैन्याने न करता घराने केली, आणि एका हिवाळ्याऐवजी वीस वर्षे केली, तर दोष आईचा कसा होतो? भावाला दुधाचा पेला आणि बहिणीला चहा, ही नाकेबंदीच आहे. पंगतीत पुरुष आधी, मग मुले, मग सासू, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी उरेल त्यावर सून, ही तर रीतसर नाकेबंदी आहे. फरक इतकाच की तिला तारीख नाही, आणि तिचे नाव आपण ‘वळण’ असे ठेवले आहे.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला, आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. पुढे १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्या वारल्या. त्यानंतर १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. तरीही २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. जी स्वतः अजून वाढते आहे, तिच्या पोटात दुसरे वाढू लागले म्हणजे एकाच घासाचे दोन मागणारे होतात. यात तिचा अपराध कोणता?

यावर एक वयस्कर आवाज नेहमी उठतो : ‘आमच्या वेळी बायका शेतात बाळंत होत, दहा-दहा मुले होत, कोणाला काही झाले नाही.’ त्या आवाजाचा मी आदर करते. पण हे बोलणाऱ्या सर्वजणी वाचलेल्या आहेत. ज्या गेल्या, आणि ज्यांची बाळे पाळण्याआधीच गेली, त्यांची साक्ष कोणी घेतलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या घरात कोणालाच पुरेसे नाही, तेथे पंगतीचा क्रम बदलून काय होणार? हे खरे आहे. आपण फराळाची ताटे मांडतो त्याच सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत अंग राबवायचे. त्यात बाई पोटुशी असली तरी डोक्यावर उसाची मोळी चढतेच. या बाईचे बाळ हलके जन्मले तर त्याचे गुण कोणाच्या नावावर मांडायचे? तिच्या नवऱ्याच्या नावावरसुद्धा मला मांडवत नाहीत. ते मांडावे लागतील आपल्या चहात पडणाऱ्या साखरेच्या नावावर. आदिवासी भागांतल्या गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देण्याची योजना महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरू केली. ते कोणी दान समजू नये; थकलेल्या देण्याचा तो एक हप्ता आहे.

मात्र हलके बाळ म्हणजे फुटके नशीब, असा अर्थ कोणी काढू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्याच बायकांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जात, बाळाचे वजन करीत, त्याला ऊब कशी द्यायची, अंगावर कसे पाजायचे हे आईला दाखवीत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर तेथेच उपचार करीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेथे वजनकाटा होताच. पण तो निवाड्यासाठी नव्हता, तर कोणत्या बाळाकडे अधिक वेळा जायचे ते ठरवण्यासाठी होता. एकच काटा, पण एका हातात तो आरोप होतो, दुसऱ्या हातात औषध.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येते. आईच्या त्यागाचे आपण फार गोडवे गातो. स्वतः उपाशी राहून सर्वांना वाढणारी स्त्री आपल्या कथांतून आणि आरत्यांसारख्या भाषणांतून पूजली जाते. पण त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचाच करता येतो. ‘दोन जिवांची’ म्हणून जिला आपण ओळखतो, तिच्या उपवासातला अर्धा उपवास तर दुसऱ्या जिवाचा असतो. त्याला कोणी विचारले? आणि जो त्याग न करण्याची मुभाच नसते, त्याला त्याग म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. तो कर आहे. तो भरणारीच्या गळ्यात आपण हार घालतो, इतकेच.

येथे एक धोका आहे, तोही सांगते. हे सारे ऐकून एखादे सुधारलेले घर म्हणेल, ‘पटले. आता सुनेला भरपूर खाऊ घालू, बाळासाठी!’ हेतू चांगला आहे. पण त्यात बाई पुन्हा एकदा भांडेच राहिली. आपले डोहाळजेवण किती गोड! फुलांची वाडी भरतात, ओटी भरतात आणि आवर्जून विचारतात, ‘तुला काय खावेसे वाटते?’ कितीतरी जणींना हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात प्रथमच विचारला जातो, आणि तोही पोटात दुसरे कोणी आहे म्हणून. मुंबईच्या त्या ४८ ग्रॅमांनी मला जे शिकवले ते हे : बाळासाठी आईला खाऊ घालणारे नेहमी उशिरा पोहोचतात. मुलीला तिच्याच भुकेसाठी खाऊ घालणारे तेवढे वेळेवर पोहोचतात. नीती आणि शरीरशास्त्र यांची एरवी फारशी गाठ पडत नाही. येथे मात्र दोघे एकच सांगतात. माणसाला माणूस म्हणून वागवा, साधन म्हणून नव्हे; आणि जे साधायचे असते तेही मगच साधते.

माझ्या वर्गात बारा-तेरा वर्षांच्या मुली बसतात. आठवड्यातून एकदा त्यांना लोहाची निळी गोळी द्यायची असते. ती देताना काही जणींच्या मिटलेल्या मुठीची नखे पांढुरकी दिसतात. यांच्यापैकी कोणी आई होईल, कोणी होणार नाही. कोणी अधिकारी होईल, कोणी नुसतीच सुखी होईल. त्या सर्वांना आज भूक लागते, एवढे त्यांना खाऊ घालायला पुरेसे कारण आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग उरकून सारे घर फराळाला बसते, तेव्हा आतून चकली तळल्याचा वास येत असतो. म्हणजे कोणीतरी अजून कढईपाशी उभे आहे. यंदा ती कढई उतरेपर्यंत ताटे थांबवावीत. दूध भावाच्या पेल्याइतकेच बहिणीच्या पेल्यात पडावे. आणि घरातल्या लहानशा मुलीला, काही निमित्त नसताना, कोणी तरी सहज विचारावे : ‘तुला काय खावेसे वाटते गं?’